नऊ तासांतले हातात किती?

*नमस्कार काका,*

*मी खारेगावला राहते, वय ३७. रबाळे एमआयडीसीत एका लहान इंजिनिअरिंग कंपनीत अकाउंट्स बघते. अकाउंट्स म्हणजे बिलं, ई-वे बिल, जीएसटी, पगार, बँक आणि ऑफिसच्या चहाचा हिशोबसुद्धा. वेळ साडेनऊ ते साडेसहा, निघायला साडेसात होतात. जानेवारीत मी हौसेने जाड डायरी आणली. रोज सकाळी ट्रेनमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडून कामं लिहिते. २२ लिहिली तर ६ होतात. सकाळी जरा बरं चालतं, पण अकराला साहेब येतात आणि सगळं कोलमडतं. मग दिवसभर ती डायरी उघडायचीच भीती वाटते. रात्री तीनला जाग येते आणि "त्या पार्टीचं पेमेंट टाकलं का?" हे डोक्यात सुरू होतं. मिस्टर शिफ्टला असतात, मुलगा पाचवीत आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मैत्रीण म्हणते, पहाटे चारला उठ, दोन तास जास्तीचे मिळतील. काका, माझ्यातच काही कमी आहे का? चारला उठून बघू का? सोबत परवाच्या पानाचा फोटो जोडते.*

*— एक वाचक, कळवा*

ताई,

चारला उठू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही गजर लावलेलाही असेल. ज्या बाईला तीनला जाग येते तिने चारला उठायचं म्हणजे झोपायचं कधी, हे तुमच्या मैत्रिणीला विचारा.

आता तो फोटो. अक्षर फार सुंदर आहे तुमचं. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे अर्ध्या तासाचे १८ कप्पे होतात आणि पानावर कामं आहेत २२. तुम्ही अकाउंट्सच्या, ताळा तुम्हीच करा. दीड ते दोनच्या कप्प्यात लिहिलंय "जेवण + पेमेंटचे फोन". चहाला कप्पा नाही, बाथरूमला नाही, साहेबांना तर नाहीच नाही. ह्या पानावर तुम्हीच काय, कुणीही नापास झालं असतं. तेव्हा तुमच्यात काय कमी आहे ते शोधायचं थांबवू आणि त्या पानात काय जास्त आहे ते बघू.

मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, ३१ वर्षं प्लॅनिंग खात्यात काढली. कुठल्या मशीनवर कुठला जॉब कधी चढवायचा, एवढंच काम. पहिल्याच महिन्यात मी एका लेथ मशीनचं आठ तासांच्या शिफ्टचं लोडिंग, म्हणजे कामाचं वेळापत्रक, काढलं. आठच्या आठ तास भरलेले, एक मिनिट वाया नाही. कागद इतका देखणा की मी तो दोनदा स्वच्छ लिहून काढला होता. फोरमनने वाचला, घडी घातली, माझ्याच खिशात परत ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मशीनला वाचता येत नाही हो." मग मला लेथपाशी उभं केलं. एक जॉब संपून दुसरा चढवायचा तर जॉब धरणाऱ्या चकचे जॉज बदलायचे, टूल लावायचं, सेंटर जुळवायचं, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने मोजायचा, क्वालिटीवाल्याची सही आणायची आणि तो नेमका चहाला गेलेला असायचा. चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात विकण्याजोगा एकही पीस बाहेर पडत नाही, पण मशीन मात्र "चालू" दिसतं. माझ्या कागदावर सहा जॉब होते, म्हणजे चार तास नुसती सेटिंग.

त्यानंतर आठ तासांच्या शिफ्टवर साडेसहा तासांपेक्षा जास्त काम मी कधी लावलं नाही. एकदा सेटिंग केली की त्या जॉबचे सगळे पीस काढूनच ती मोडायची, हाही नियम केला. डिस्पॅच, म्हणजे मालाची रवानगी, कमी झालं नाही, वाढलं.

माणसाच्या डोक्यालाही सेटिंग लागते. बँकेचं स्टेटमेंट जुळवताना मध्येच डिस्पॅचचा मुलगा "मॅडम, गाडी उभी आहे" म्हणून येतो. त्याचं दोन मिनिटांत करून तुम्ही परत वळता आणि "कुठल्या एंट्रीवर होते मी?" इथून सुरुवात करता. अर्धवट सोडलेल्या कामाचा गाळ पुढच्या कामातही डोक्यात उरतो, ह्यावर सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली प्रयोग करून लिहिलंय. आमच्या फोरमनला ते न वाचताच ठाऊक होतं.

पगाराचं उदाहरण तुम्हाला लवकर पटेल. सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर करते त्या एकूण खर्चाचा, आकडा बघून कुणी घराचा हप्ता ठरवत नाही. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस कापून हातात काय पडतं त्यावर घर चालतं. वेळेच्या बाबतीत मात्र आपण सगळे सीटीसीवर हप्ते बांधून बसतो. म्हणून पहिलं काम हे, की तुमच्या नऊ तासांतले हातात किती येतात ते काढा.

डायरीचं शेवटचं पान घ्या आणि पाच रकाने पाडा: साहेब, डिस्पॅच, पार्टी, घर आणि मी. कुणीही हातातलं काम सोडायला लावलं की त्याच्या रकान्यात एक काडी मारायची, चार उभ्या नि पाचवी आडवी. शेवटचा "मी" म्हणजे आपण होऊन मोबाईल उचलला ती काडी. तो रकाना प्रामाणिकपणे भरा, बाकी कुणी बघणार नाहीये. पाच दिवस करा, आणि मुद्दाम थोडे शांत थोडे गडबडीचे घ्या, म्हणजे सरासरी खोटी निघणार नाही.

तुमच्या पत्रावरून मी अंदाजे हिशोब मांडून पाहिला. नऊ तास म्हणजे ५४० मिनिटं. जेवण आणि दोन चहा मिळून ५०, उरले ४९०. डिस्पॅच सहा वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं, म्हणजे ९०. साहेब सात वेळा, दहा-दहा मिनिटं, ७०. पुरवठादारांचे बारा फोन, पाच-पाच मिनिटं, ६०. उरले २७०. ह्या पंचवीस व्यत्ययांनंतर दर वेळी जागेवर यायला फक्त तीन मिनिटं धरली तरी ७५ जातात. हातात आले १९५, सव्वातीन तास. तुमचा आकडा थोडा वर-खाली होईल, पण नऊच्या जवळपासही जाणार नाही ह्यावर मी पैज लावायला तयार आहे.

हा आकडा बघून वाईट वाटून घेऊ नका. उरलेल्या पावणेसहा तासांत तुम्ही रिकाम्या बसलेल्या नसता. गाडी सोडणं, साहेबांना उत्तर देणं, पुरवठादाराला शांत करणं हेही तुमच्याच पगाराचं काम आहे, फक्त ते आखता येत नाही. आखायचे ते सव्वातीन तासच. त्यात दोन मोठी कामं बसतात, फार तर अडीच. बारीकसारीक कामं, म्हणजे पेटी कॅश, दोन ओळींचे मेल, फायलिंग, एका गठ्ठ्यात बांधून जेवणानंतरच्या अर्ध्या तासात उरकायची. बाकीची यादी फाडून टाकायची नाही, तिच्यापुढे तारीख घालायची. "आज" एवढंच लिहिलेल्या कामापेक्षा "गुरुवार, २४" लिहिलेलं काम कमी छळतं. करून बघा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "अकराला साहेब येतात आणि सगळं कोलमडतं." म्हणजे साडेनऊ ते अकरा हा दीड तास तुमचा आहे. अख्ख्या दिवसातला एकमेव अखंड तुकडा. आणि त्या पानावर तिथे काय आहे? मेल बघणे, पेटी कॅश, कालचे व्हाउचर फाइलला लावणे. अहो, साजूक तूप पणतीत घालण्यासारखं आहे हे! तिथे दिवसातलं सगळ्यात किचकट काम बसवा. बँक जुळवणी असेल, जीएसटीचं मिलान असेल, जे असेल ते, पण एकच. फोन ड्रॉवरमध्ये. घरी एकदा सांगून ठेवा की ह्या दीड तासात खरीच अडचण आली तर ऑफिसच्या फोनवर करायचा.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम अशी एक पद्धत तुम्ही ऐकली असेल. पोमोडोरो म्हणतात तिला, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या अभ्यासासाठी काढलेली. सकाळच्या दीड तासात वापरायची तर वापरा. दुपारी नको, गाडीचा ड्रायव्हर तुमच्या टोमॅटोसाठी थांबणार नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. कुठल्याही कामाला किती वेळ लागेल हे मनात आलं की त्याची दीडपट लिहायची. हा माझा लहरीपणा नाही. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की ह्या दोघांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की माणूस स्वतःच्या कामाचा वेळ नेहमी कमीच धरतो. पुढे १९९४ मध्ये एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच वाकडं गेलं तर? तर ४९ म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलं तेही कमीच पडलं. आमच्या घरी रंगाऱ्याने "चार दिवसांत देतो काका" म्हटलं होतं, तेव्हा मला हा अभ्यास आठवला आणि मी हिला म्हटलं, माहेरी जायचं असेल तर आठवड्याने ये.

आता दिवस सोडून महिन्याकडे येतो. माझ्या मते तुमची खरी गाठ तिथे आहे, दिवसाची डायरी कितीही सुंदर आखली तरी ती सुटायची नाही. अकाउंट्सच्या माणसाचे सगळे दिवस सारखे नसतात. माझी सून ह्याच कामात आहे, तिच्याकडून तारखा तपासून घेतल्या. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न). (तुमच्या कंपनीचं जीएसटी दर महिन्याचं आहे असं धरतोय.) जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला शिवाय अ‍ॅडव्हान्स टॅक्स. ह्या तारखा दर महिन्याला येतात आणि तरीही दर महिन्याला नवीन पाहुण्यासारख्या दारात उभ्या राहतात, कारण तुमची डायरी एका वेळी एकच दिवस दाखवते.

स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख आपण त्यावर लिहितो. तसलंच एक कॅलेंडर ऑफिसात टेबलासमोर लावा आणि सरकारी तारखेच्या तीन दिवस आधी आपली तारीख लाल पेनाने लिहा. टीडीएस ४ ला. ७ तारीख एक दिवस जरी चुकली तरी कपात केली त्या तारखेपासून महिन्याला दीड टक्क्याने व्याज बसतं आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. २० ला संध्याकाळी पोर्टल कसं चालतं तेही तुम्ही जाणता.

ह्या कॅलेंडरने आणखी एक गोष्ट दिसायला लागते, ती म्हणजे कुठलं काम आधीच उरकता येतं. सून सांगत होती, सगळ्यात जास्त रक्त १६ ते १९ ला आटतं, कारण १४ ला जीएसटीआर-२बी, म्हणजे ज्यावर आपली कराची वजावट ठरते ती पुरवठादारांच्या बिलांची यादी, तयार होतं आणि मग कळतं की चार पुरवठादारांची बिलं त्यात नाहीतच. त्यांनी ११ पर्यंत स्वतःचं रिटर्न भरलं नसेल तर ती त्या महिन्याच्या २बीत येणार नाहीत, आणि मग १६ ला फोन करून कितीही तणतण केली तरी त्या महिन्यापुरतं काही हलत नाही. तेच चार फोन ८-९ तारखेला केले, "दादा, आमचं बिल टाकलंत का?", तर अर्धी कटकट जन्मालाच येत नाही. उशीर करणारे दर महिन्याला तेच ते असतात. त्यांची नावं कॅलेंडरवर ८ च्या चौकोनात लिहून ठेवा.

आणि २१ ते महिनाअखेर हे तुमचे मोकळे दिवस. तुलनेने मोकळे म्हणतोय, हसू नका. लेजर जुळवणं, जुन्या बाक्या, फायली, सासूबाईंची ऑर्थोपेडिककडची खेप, मुलाच्या शाळेतली भेट, सगळं तिथे ढकला. ४ ते ११ आणि १४ ते २० मध्ये स्वतःहून नवीन काहीही कबूल करायचं नाही. सण मात्र आपल्या सोयीने येत नाहीत. २०२६ ला गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे ऐन २बीच्या दिवशी गणपती बसणार, दुसऱ्या दिवशी पीएफ, ईएसआयसी नि अ‍ॅडव्हान्स टॅक्स, आणि विसर्जनाच्या आत ३बी. हे ऑगस्टमध्येच दिसलं तर पीएफचं चलान आणि टॅक्सचा हिशोब सुट्टीच्या आधी तयार करता येतो. नाहीतर मोदक वळताना डोक्यात चलान.

डिस्पॅचबद्दल. माल गाडीने पाठवताना काढतात त्या ई-वे बिलाचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये मालाचा नि बिलाचा तपशील, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. भाग अ आधी भरून ठेवता येतो, गाडी लागल्यावर फक्त नंबर टाकायचा. म्हणजे उद्या जायचा माल आज संध्याकाळी ठरला असेल तर सगळे भाग अ तुम्ही एका बैठकीत भरून ठेवू शकता, एकाच सेटिंगमध्ये. शिवाय त्या पोर्टलवर सब-युझर तयार करता येतो. डिस्पॅचच्या मुलाला तेवढा हक्क साहेबांकडून मिळवून द्या, गाडीचा नंबर तो टाकेल. दोन-तीन दिवस त्याच्या शेजारी बसून शिकवावं लागेल आणि पहिल्या आठवड्यात तो एखादी चूक करेलच. "त्यापेक्षा मीच करते" असं त्या वेळी तुमच्या तोंडावर येईल. ते गिळा. नव्वद मिनिटांतली निदान साठ त्यातून परत येतात.

आणि साहेब. साहेबांना "नाही" म्हणायला शिका असं सांगणारे खूप भेटतील. त्यातले बहुतेक लहान कंपनीत नोकरी केलेले नसतात. जिथे मालक, मॅनेजर आणि पगाराच्या चेकवर सही करणारा माणूस एकच असतो, तिथे नुसतं "नाही" चालत नाही. दोन कामं समोर ठेवायची आणि निवड त्यांना करू द्यायची: "सर, ही कोटेशनची तुलना आत्ता करते, मग बँकेचं स्टेटमेंट उद्या अकराला देते. चालेल?" आवाज नेहमीचाच ठेवायचा. आठापैकी पाच वेळा ते म्हणतील, "नाही नाही, बँकेचं आधी." तुमचं कोटेशन आपोआप उद्यावर गेलं आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

दुसरं म्हणजे त्यांच्या आधी तुम्ही जा. सव्वाअकराला, ते चहा घेत असतील तेव्हा, कागद घेऊन केबिनमध्ये जायचं. आजची दोन कामं सांगायची, सह्या घ्यायच्या, आणि त्यांना काय हवंय ते एकदम लिहून घ्यायचं. साडेचारला परत एकदा. माणूस सात वेळा बोलावतो त्यातल्या चार वेळा कारण एकच असतं, काम चाललंय की नाही ह्याची धाकधूक. ती आपण होऊन मिटवली की बोलावणी कमी होतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही, तिसऱ्यात दिसेल. आमच्या मॅनेजरला महिना लागला होता, पण तो गृहस्थ मुळातच संशयी.

व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप म्यूट करा. ह्यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही.

आता ती तीन वाजताची जाग. तुम्ही यादी करता सकाळी, ट्रेनमध्ये. कळव्याहून ठाणे, मग पुलावरच्या गर्दीतून वाशी-पनवेलच्या फलाटावर, मग रबाळेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं, तीही बहुधा उभ्यानेच. तिथे काय धड सुचणार! काल काय राहिलं ते तेव्हा आठवतच नाही, ते आठवून झालेलं असतं रात्री तीनला. यादीची वेळ बदला. ऑफिसातून उठायच्या आधीची दहा मिनिटं. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा बॅकअप घेतल्याशिवाय तुम्ही मशीन बंद करत नाही ना? त्याच्या लगेच नंतर डोक्याचा बॅकअप. काय अर्धवट राहिलं, कुठल्या एंट्रीवर थांबले, उद्या साडेनऊला कुठली फाइल आधी उघडायची, कुणाला फोन. "पेमेंट बघणे" असं मोघम नको, "अमुक पार्टीचे बिल ३१२, चेकवर सही बाकी" असं लिहायचं.

अमेरिकेत बेलर विद्यापीठात २०१८ साली ह्यावर एक प्रयोग झाला. ५७ तरुण-तरुणींना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी केली, काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी करणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, आणि तो झोप लागण्याबद्दल आहे, मध्येच जाग येण्याबद्दल नाही, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण लिहिलेलं काम डोकं राखत बसत नाही, हा माझाही अनुभव आहे. उशाशी एक चिठ्ठी-पेन ठेवा. तीनला काही आठवलंच तर अंधारात खरडा आणि कूस बदला. मोबाईलमध्ये लिहू नका, तो पेटला की पावणेचार झालेच.

आणि मग सकाळची ट्रेन मोकळी राहील. तिथे काही करू नका. खरंच काही नको. पावसाळ्यात दिघ्यापाशी पारसिकचा डोंगर काय हिरवा होतो, कधी बघितलात? पावसाचं निघालंच आहे तर, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं त्या दिवसांत रस्त्याने जायचं झालं तर पोहोचायचा काही नेम नसतो. अशा दिवशी दोन मोठ्या कामांतलं एक, घरातून निघतानाच खोडून टाका.

घराबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मीही थोडक्यात बोलतो, पण बोलतो. तुमच्या त्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलंय: "आईंची गोळी ८", "चार्टपेपर", "इडलीचं भिजवणे". मिस्टर शिफ्टला असतात हे खरं, पण शिफ्ट म्हणजे अठरा तास नव्हे. सकाळपाळीचा माणूस चारपर्यंत घरी येतो, रातपाळीचा दुपारी झोपून उठलेला असतो. चार्टपेपर कळव्याच्या बाजारात त्यांनाही मिळेल. कॅलेंडरवर त्यांच्या पाळ्या निळ्या पेनाने लिहा आणि प्रत्येक पाळीतल्या मोकळ्या तुकड्यात घरातलं एक काम त्यांच्या नावाने टाका. दोघं मिळून, रविवारी, चहा घेताना. "मदत" हा शब्द वापरू नका. आईंची गोळी ही त्यांच्याच आईची गोळी आहे.

हे सगळं करूनही काड्या तितक्याच राहिल्या आणि रोज साडेसातच वाजत राहिले, तर प्रश्न आखणीचा नाही, कामच दोन माणसांचं आहे. तसं असेल तर दोन महिन्यांचे आकडे एका पानावर मांडून साहेबांपुढे ठेवा: रोज किती व्यत्यय, किती तास जादा, आणि अर्धवेळ एक मुलगी ठेवली तर कुठली कामं तिच्याकडे जातील. साहेबांना भावना कळतील न कळतील, आकडे कळतात. त्यांनी तो कागद बाजूला सारला, तर तो कागद तुम्ही जपून ठेवा. पुढच्या मुलाखतीत "तुम्ही काय काय सांभाळता?" ह्याचं उत्तर त्यावरच लिहिलेलं आहे.

छातीत धडधड, विनाकारण रडू, रोजची तुटकी झोप असं दोन-तीन आठवडे चाललं तर मात्र डायरी-कॅलेंडर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्यासाठी काम करणारी जुनी संस्थाही आहे. जाण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. बेअरिंगचा आवाज आल्यावर मशीन तसंच रेटणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणत नव्हतो.

जानेवारीच्या त्या डायरीची बरीच पानं कोरी असतील. ती टाकू नका, काड्यांना उपयोगी पडतील. पाच दिवसांची बेरीज काय आली ते मला कळवा, आणि "मी"चा रकानाही कळवा. घाई नाही. २० तारखेनंतर लिहा.